रेसची तार गेली, वायर आली : जुनी आलिशान गाडी दारात आणण्यापूर्वी

लग्नसराई ओसरली की कराड, विटा, तासगाव, मिरज या पट्ट्यात जुन्या मोठ्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, स्कोडा, होंडा अ‍ॅकॉर्ड, टोयोटा कॅमरी. नव्या असताना ज्यांच्या काचेला हात लावायचीही चोरी होती, त्याच गाड्या दहा-पंधरा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या किमतीत, कधी कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतात. आपल्या घरातला एखादा मुलगा पाच-सात वर्षे दुसऱ्याची गाडी चालवतो, पै पै जमवतो, पतसंस्थेचे कर्ज काढतो, आईच्या गळ्यातले गहाण ठेवतो आणि नवरदेवाची गाडी म्हणून भाड्याने लावायला अशी एक गाडी दारात आणतो. वस्तीत पेढे वाटले जातात. त्याच्या हौसेला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. आपल्या माणसाने चांगल्या गाडीत का बसू नये? पण ही गाडी पहिल्याच हंगामात रस्त्यावर रुसली, तर दुरुस्तीचे बिल कर्जाच्या सहा-सहा हप्त्यांएवढे येऊ शकते. म्हणून हा लेख चालकाइतकाच त्याच्या घरच्या बायामाणसांनीही वाचावा. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही त्यांचीच असते.

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस रंग बघतो, टायर बघतो, सीटचे कातडे बघतो, एसी लावून हात पुढे धरतो. जाणता मिस्त्री मात्र बॉनेट उघडून आणखी एक गोष्ट बघतो. रेस तारेची आहे की सेन्सरची? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या पाच वर्षांचा खर्च बराचसा अवलंबून असतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे क्लच वायर, ब्रेक वायर, एक्सिलेटर वायर असेच म्हणतात. पण या वायरमध्ये वीज नसते. बारीक पोलादी तारांचा पीळ आणि त्यावर नळीसारखे आवरण, एवढाच तो प्रकार. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ती तार असते. नव्या गाड्यांत पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत जी जाते ती खरोखरची विजेची वायर. शब्द एकच राहिला, आतली वस्तू मात्र पार बदलली, आणि विकणारा दलाल या गोंधळाचा फायदा घेतो. म्हणून या लेखात जुन्या पद्धतीला ‘तार’ आणि नव्या पद्धतीला ‘वायर’ म्हणू.

तारेची रेस समजायला आपल्या भागात कुणाला शाळेत जावे लागत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार व्हायची. कारखान्यातला कामगार असो की तालुक्याचा शिक्षक, ती स्कूटर ज्याच्या दारात होती त्याच्या डिकीत क्लचची आणि एक्सिलेटरची एकेक जादा तार गुंडाळून ठेवलेली असायची. उजव्या हाताची मूठ पिळली की तार ओढली जायची, कार्ब्युरेटरमधला मार्ग मोकळा व्हायचा आणि इंजिन गुरगुरायचे. तार तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून पंधरा-वीस मिनिटांत नवीन घातली जायची. मारुती ८०० मध्ये तत्त्व हेच होते, फक्त मुठीच्या जागी पेडल आले. पेडल दाबले की तार ओढली जाते, तारेच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या हवेच्या वाटेवर धातूची एक गोल चकती असते, ती तिरकी होते आणि हवा आत शिरते. पाय काढला की स्प्रिंग चकतीला परत मिटवते. पेट्रोलच्या इंजिनात पाय हवेची वाट उघडतो, आणि त्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडले जाते. पूर्वी हे काम कार्ब्युरेटर करायचा, पुढे इंजेक्शन आले. इंजेक्शन आल्यावरही बरीच वर्षे चकती फिरवायला तारच होती.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी चकती नसायचीच. पेडलची तार किंवा सळई थेट डिझेल पंपाच्या दांडीला जोडलेली असायची. वडापाची जुनी ट्रॅक्स, पहिली सुमो, गावोगावच्या एसटीच्या जुन्या गाड्या सगळ्या याच जातीच्या. मळ्यातल्या ऑईल इंजिनची रेस ज्यांनी हाताने कमी-जास्त केली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. म्हणून आपल्या भागात मोटारीचे शिक्षण न घेताही उत्तम मिस्त्री तयार झाले. सगळे डोळ्यांना दिसत होते, बोटाला लागत होते.

तारेचे रोगही साधे असतात. पेडलच्या टोकाशी तारेचे धागे एकेक करून तुटतात. आवरणात पाणी आणि धूळ शिरून गंज चढतो आणि तार अडखळत चालते. कुणी ती फार ताणून बसवली असेल तर पाय काढला तरी इंजिन चढ्या आवाजात चालत राहते. तार पूर्ण तुटली तर पेडल लुळे पडते आणि गाडी नुसती घुटमळत उभी राहते. हे सगळे काही शे रुपयांत आणि तासाभरात बरे होते. मात्र तारेतही एक जीवघेणा दोष आहे, तो लपवून उपयोग नाही. तार आवरणात अडकली तर चकती उघडीच राहते. त्या वेळी तुम्ही पाय काढला तरी गाडीला ते कळायचा मार्ग नसतो. यावर काय करायचे ते पुढे सांगतो.

आता वायरची रेस. यात पेडल कशालाच ओढत नाही. पेडलच्या मुळाशी एक सेन्सर बसवलेला असतो. पाय किती दाबला ते तो विजेच्या दाबाच्या रूपाने गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटर विचार करतो, मग इंजिनवरच्या थ्रॉटल बॉडीतली लहानशी मोटर फिरवतो, ती मोटर दातेरी चाकांतून चकती हलवते. चकती खरोखर किती उघडली ते सांगणारा आणखी एक सेन्सर उलट निरोप पाठवतो. थोडक्यात, पूर्वी चालक चकती स्वतः उघडत होता, आता तो फक्त विनंती करतो. ती मान्य करायची की नाही, किती करायची, हे कॉम्प्युटर ठरवतो.

हा उपद्व्याप कशासाठी, असे कुणीही विचारील. त्याची कारणे खरी आहेत. ओल्या रस्त्यावर चाक घसरायला लागले तर कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कमी करू शकतो. ऑटोमॅटिक गिअर बदलताना झटका बसू देत नाही. एसी चालू केला की इंजिन बंद पडू नये म्हणून चकती केसभर उघडतो, त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह लावावा लागत नाही. धूर कमी ठेवणे सोपे जाते, आणि धुराचे नियम जसजसे कडक झाले तसतशी तार मागे पडत गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ‘सेव्हन सीरिज’मध्ये ही पद्धत आणली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. पुढे ती सर्वत्र पसरली. २००६ साली आपल्या देशात आलेल्या होंडा सिव्हिकमध्ये तार नव्हतीच. स्कोडाची ऑक्टेव्हिया डिझेलवर चालणारी असूनही तिचे पेडल विजेचेच.

या पद्धतीत सुरक्षेचा विचार किती केला आहे तेही सांगितले पाहिजे. पेडलमध्ये एक नव्हे, दोन सेन्सर असतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या ठराविक प्रमाणात वाढला पाहिजे. अनेक गाड्यांत एक आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. दोघांची साक्ष जुळली नाही की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही. तो इंजिनाची ताकद कापून टाकतो, दिवा लावतो आणि गाडी कशीबशी कडेला नेण्यापुरती रेस देतो. मोटरची वीज गेली तर स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. म्हणजे वायरची रेस बिघडली तर बहुतेक वेळा गाडी पळत नाही, मरगळते.

हे मरगळणे मात्र सोयीच्या जागी होत नाही. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ निम्मा चढला आहे, मागे उसाच्या ट्रॉल्या आणि एसटीची रांग, आत फेटा बांधलेला नवरदेव, आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. पाय पूर्ण दाबला तरी इंजिन ऐकत नाही. चावी बंद करून पुन्हा चालू केली की दहा मिनिटे बरी चालते, पुन्हा तेच. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी या गाड्यांत अशा वेळी ‘ईपीसी’ असा पिवळा दिवा लागतो. विकणाऱ्याला हे चांगले माहीत असते. म्हणूनच तो गाडी दाखवताना सपाट रस्त्यावर पाच मिनिटे फिरवतो आणि चहाला थांबतो!

या दोन पद्धतींच्या मधल्या काळातल्या गाड्या सर्वांत फसव्या आहेत. बॉनेट उघडले, तार दिसली, म्हणून गाडी तारेची असे समजू नये. १९९०च्या दशकात टोयोटाच्या लेक्सससारख्या काही गाड्यांत पेडलपासून तार निघायची, पण ती चकतीपर्यंत न जाता इंजिनजवळच्या सेन्सरला जाऊन मिळायची. तिथून पुढे सगळा कारभार विजेचा. म्हणजे तार तुटण्याचीही भीती आणि सेन्सर बिघडण्याचीही. त्यामुळे तार दिसली की तिचे दुसरे टोक कुठे जाते ते बोटाने चाचपत बघावे.

याच काळातील मर्सिडीजची कथा आपल्या मुलखाला जवळची आहे. मर्सिडीजने १९९५ साली पुण्यात, त्या वेळच्या टेल्कोच्या आवारात, ई-क्लास गाडी जोडायला सुरुवात केली. त्या चौकोनी गाडीचा दणकटपणा आजही मिस्त्री लोक वाखाणतात, आणि तिचे पत्रे व इंजिन खरोखर त्या लायकीचे होते. पण १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात या कंपनीच्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण असे वापरले गेले की उष्णतेने ते काही वर्षांत पापडासारखे तडकून गळू लागले. आतल्या तांब्याच्या तारा उघड्या पडून एकमेकींना टेकल्या की इंजिन वेड्यासारखे वागायचे. चकती हलवणाऱ्या विजेच्या भागातही त्याच जातीच्या वायरी होत्या, आणि तो भाग भलता महाग. लाख किलोमीटर हसत चालणाऱ्या इंजिनाला बोटाएवढ्या जाडीच्या वायरींनी टेकीला आणले. अशी गाडी कुणी दाखवली तर इंजिनवरच्या वायरीचे एखादे आवरण नखाने हळूच दाबून बघा. रबरासारखे लवचिक असले तर वायरिंग बदललेले आहे. भुगा पडला तर नमस्कार करून परत फिरा.

‘मग विजेची रेस आपोआप चढते म्हणतात ते खरे का?’ असा प्रश्न चालक मंडळी हमखास विचारतात. या प्रश्नावर जगभर मोठा गदारोळ झाला आहे. २००९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एका लेक्सस गाडीच्या अपघातात एकाच कुटुंबातील चार जण गेले. तपासात निघाले ते असे : गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी चटई टाकलेली होती आणि पेडल तिच्यात अडकले होते. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, काही चटईसाठी, काही पेडल अडखळते म्हणून. दोष इलेक्ट्रॉनिक भागात आहे का हे शोधण्याचे काम अवकाश संशोधन करणाऱ्या ‘नासा’च्या अभियंत्यांकडे दिले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. आपोआप वेग चढण्याला जबाबदार ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण वाद तिथे संपला नाही. २०१३ साली ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात तज्ज्ञांनी कॉम्प्युटरच्या आज्ञावलीवर कडक टीका केली आणि ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले. २०१४ साली ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकन सरकारशी झालेल्या समझोत्यात टोयोटाने १२० कोटी डॉलर भरले. यावरून माझे मत असे झाले आहे की विजेची रेस भुताटकी नाही, आणि कंपनीचा प्रत्येक शब्दही प्रमाण नाही. चटई मात्र नक्की खरी आहे. आपल्याकडे चालक मूळ चटईवर रबरी चटई टाकतात, तिच्यावर काथ्याची, आणि लग्नाच्या गाडीत वरून लाल गालिचा. चालकाच्या पायाखाली एकच चटई असावी, आणि तीही हुकात अडकवलेली. या सुरक्षेला एक पैसाही लागत नाही.

आता पसरणी घाट उतरताना रेस अडकली तर काय करायचे? तार असो वा वायर, कृती एकच. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबायचा आणि दाबून धरायचा. पुन्हा पुन्हा सोडून दाबायचा नाही. पेट्रोल गाडीत ब्रेकला मिळणारी मदत इंजिनाच्या ओढीवर चालते, आणि चकती सताड उघडी असेल तेव्हा ती ओढ मिळत नाही. साठा असतो तो दोन-तीन वेळा दाबण्यात संपतो आणि मग पेडल दगडासारखे कठीण होते. ब्रेक दाबून धरतानाच गिअर न्यूट्रल करावा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे. गाडी कडेला थांबली की इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत चावी बाहेर काढू नये, स्टीअरिंग लॉक होते. बटणाच्या गाडीत चालत असताना इंजिन बंद करायची वेळ आलीच तर बहुतेक गाड्यांत बटण तीनेक सेकंद दाबून धरावे लागते. नुसते टिचकी मारून ते ऐकत नाही. नंतरच्या बऱ्याच वायरवाल्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली गेली तर कॉम्प्युटर ब्रेकचे ऐकतो. तारेला हे कधीच जमले नसते.

सांगलीच्या वाचकांसाठी यापेक्षा मोठा विषय पुराचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाईने शहर बुडवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपलीकडे गेले होते. घरांबरोबर हजारो वाहनेही पाण्यात गेली. पुरात बुडालेली गाडी विमा कंपनी निकाली काढते, ती लिलावात जाते, कुणीतरी स्वस्तात उचलतो, धुऊन-पुसून, सीट बदलून, अत्तर मारून विकतो. बुडालेली गाडी तारेची असेल तर तार बदलून, तेल बदलून, इंजिन उघडून ती पुन्हा उभी करता येते. वायरच्या गाडीचे तसे नाही. पेडलचा सेन्सर गाडीत सर्वांत खाली, पायाशी असतो. पाणी आत आले की पहिला तोच भिजतो. जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि तो लगेच दगा देत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, एखाद्या दमट सकाळी दोन्ही सेन्सरच्या साक्षी जुळेनाशा होतात. तोवर विकणारा नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

म्हणून पुराची गाडी ओळखायला शिकले पाहिजे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. धुणारा दिसतो तेवढाच पट्टा धुतो, आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहते. सीटखालच्या रुळांत, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावे. नदीचा गाळ मऊ आणि राखाडी असतो, रस्त्याची धूळ तशी नसते. पेडलच्या दांडीचे स्क्रू गंजलेले आणि बाकी गाडी चकचकीत, असे दिसले तर समजून जावे. विमा कंपनीकडून त्या गाडीवरच्या दाव्यांचा इतिहास मागता येतो, तो मागावा. गाडीचा नंबर एमएच १० म्हणजे पुराची आणि एमएच ११ म्हणजे कोरडी, असा हिशेब मात्र कुणी करू नये. बुडालेली गाडी जिल्ह्याबाहेर जाऊनच विकली जाते. साताऱ्यात विकायला आलेली गाडी सांगलीची असू शकते, तशीच सांगलीत आलेली मुंबईची.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांबद्दलही थोडे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने आणि नंतर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून तिथल्या मोठ्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. किंमत मोह पाडणारी असते. पण तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथला कर, पंधरा वर्षांवर गेलेल्या गाडीची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे सगळे जमेस धरल्यावर ती स्वस्त राहते का ते कागदावर मांडून बघावे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो : पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने लावणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाड्याचाच धंदा करायचा तर रीतसर परवाना काढूनच करावा.

पुराखालोखाल आपल्या भागातला शत्रू म्हणजे उंदीर. लग्नाची गाडी पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये उभी, शेजारी उसाचा फड. उंदराला इंजिनाची ऊब आवडते आणि दात शिवशिवले की तो वायर कुरतडतो. तारेच्या पोलादाला त्याचे दात काही करू शकत नाहीत. थ्रॉटलच्या वायरीतील एक जरी धागा तुटला की गाडी मरगळते. उभी गाडी आठवड्यातून एकदा चालू करून दोन किलोमीटर फिरवावी आणि बॉनेट उघडून बघावे.

खर्चाचे बोलू. तारेचा भाग काही शे रुपयांचा. वायरची थ्रॉटल बॉडी छोट्या गाडीचीही हजारांत जाते, आणि आलिशान गाडीची कंपनीची नवी घ्यायची तर पाच आकडे सहज ओलांडते. पण दर वेळी ती बदलावी लागते असे नाही. पुष्कळदा चकतीच्या कडेला काजळी बसलेली असते आणि ती स्वच्छ केली की काम होते. इथे एक सावधगिरी बाळगावी. तारेच्या गाडीत मिस्त्री चकती बोटाने उघडून फडके फिरवतो. तोच हात वायरच्या गाडीत चालवू नये. आतली दातेरी चाके अनेक गाड्यांत प्लास्टिकची असतात, जोर लावला की दात जातात. शिवाय चावी चालू असताना मोटर अचानक फिरली तर बोट चिरडते. जोडणी काढून, चावी बंद करून, कापडाने हळुवार पुसावे. नंतर बऱ्याच गाड्यांना चकती मिटल्याची जागा स्कॅनर लावून पुन्हा शिकवावी लागते. ती शिकवली नाही तर इंजिन भलत्याच आवाजात चालते आणि गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने गाडी बिघडवली.

हे सांगताना मनात येते ते आपल्या गॅरेजमधल्या पोरांचे. सकाळी नऊपासून ऑईलमध्ये कोपरापर्यंत बुडालेली ही पोरे कानाने इंजिन ओळखतात. नुसता आवाज ऐकून ‘दादा, तिसरा सिलिंडर मारंना’ असे सांगतात आणि ते खरे निघते. वायरच्या रेसने त्यांची ही विद्या रद्द केलेली नाही, पण अपुरी मात्र केली. पेडलच्या सेन्सरचा आवाज येत नाही. त्याला मल्टिमीटर लागतो, स्कॅनर लागतो, आणि पडद्यावरचे इंग्रजी वाचता यावे लागते. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावीनंतर मुलगा गॅरेजला चिकटला असेल तर त्याला तिथूनच प्रवेश घ्यायला लावावा, आणि मुलीला हौस असेल तर तिलाही. वायरीच्या जोडण्या तपासायला दंडाची ताकद लागत नाही. साधा स्कॅनर आता एका चांगल्या पान्हासंचाच्या किमतीत मिळतो. मोठ्या शोरूममध्ये जे मशीन लावायचे पैसे घेतात, त्यातले पुष्कळसे काम त्याने होते.

मग घ्यावी तरी कोणती? मला कुणी विचारले तर मी सांगतो, खिसा लहान असेल आणि गाडीवर पोट असेल तर जुनी, तारेची, साधी गाडी बरी. पण तशी आलिशान गाडी आता फार जुनी झाली आहे. तिची तार काही शे रुपयांची असली तरी काच, दिवे, गिअरबॉक्स यांचे भाग शोधत मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडावे लागते. वायरची गाडी घ्यायचीच तर वाईट मानू नये, पण तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

तपासणी अशी. चावी लावल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर बल्ब काढून ठेवला आहे असे समजावे. गाडी तापू द्यावी. सपाट रस्त्यावर समाधान मानू नये, चढावर न्यावी, एसी चालू ठेवून, आत चार माणसे बसवून. अर्धा तास तरी चालवावी. पेडल दाबताना मध्येच मेल्यासारखे वाटते का, पाय स्थिर असताना इंजिन वर-खाली होते का, हे बघावे. मग आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला स्कॅनर लावायला सांगावे. विकणाऱ्याच्या मिस्त्रीला नको. जुने दोष नुकतेच पुसले आहेत का तेही स्कॅनरवरून कळते. ‘पी २१३५’ असा क्रमांक आला तर थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचे जुळत नाही, ‘पी २१३८’ आला तर पेडलच्या. काहीच क्रमांक आला नाही तरी थांबू नये. चावी चालू, इंजिन बंद ठेवून पडद्यावर पेडलचे दोन आकडे उघडावेत आणि पेडल अगदी हळू, दहा-बारा सेकंद घेऊन खाली दाबावे. दोन्ही आकडे हात धरून चढल्यासारखे एका लयीत वाढले पाहिजेत. मध्येच एखाद्या ठिकाणी आकडा उडी मारत असेल किंवा खाली पडून पुन्हा वर येत असेल, तर दिवा लागलेला नसला तरी पेडल संपत आले आहे. त्याच मॉडेलच्या नव्या पेडलची किंमत तिथेच फोन करून विचारावी, आणि मालकासमोर ती सौद्याच्या रकमेतून वजा करायला सांगावी.